मुका वटवट्या

सोबत दुर्बीण घेऊ नका. मोबाइल तर मुळीच नको. आवाज ऐकवला की पक्ष्याचं नाव सांगणाऱ्या अ‍ॅपची तुम्हाला सवय झाली आहे, ठाऊक आहे. पण आज ज्याच्या मागे जायचंय त्याचं गाणं, आपण जिथून सुरुवात करणार तिथे, कुणी ऐकलेलंच नाही, तेव्हा अ‍ॅप तरी काय सांगणार! एक जाड शाल घ्या, पायात धड बूट घाला, खिशात मूठभर शेंगदाणे आणि गुळाचा खडा टाका. तेवढं पुरे.

निघण्याआधी पाच मिनिटं इथे, पुण्यात वेताळ टेकडीवर बसू. जानेवारीतली सकाळ आहे. पायवाटेच्या कडेला घाणेरी माजली आहे. तिच्या पोटातून आवाज येतो, चक्. जरा वेळानं पुन्हा, चक्, चक्. जीभ टाळूला लावून सोडावी तसा, कोरडा. एक पान हलतं, मग हातभर पलीकडचं दुसरं. पक्षी मात्र दिसत नाही. उकिडवं बसून गुडघे बोलायला लागले की एकदाचा तो फटीत येतो आणि तुमच्या पदरात पडतं ते एवढंच: वरून मातकट तपकिरी, खालून मळक्या धोतरासारखा, डोळ्यावर फिकट भुवई, चोच जरा लांब. सृष्टीनं रंगाची सगळी हौस सूर्यपक्ष्यावर फेडून घेतली आणि याची पाळी आली तेव्हा डबे खरवडून झाले होते, असं वाटावं. हा ब्लिथचा वटवट्या. रशिया आणि मध्य आशियाकडे वीण उरकून सप्टेंबर-ऑक्टोबरात आपल्याकडे येतो, उन्हाळा तापला की परततो. इथल्या मुक्कामात नाव वटवट्या, पण बोलणं बहुतेक वेळा चक् एवढंच.

याचे भाऊबंद बरेच आणि सगळे याच मळक्या धोतरातले. त्यांच्यातला फरक मिलिमीटरात मोजायचा असतो: पंख किती आखूड, चोच बुडाशी किती रुंद, मागच्या बोटाची नखी किती लांब. पक्षिनिरीक्षणाच्या सहलीत असला पक्षी निघाला की जुनीजाणती मंडळी हळूच चहाच्या थर्मासकडे वळतात, हे मी अनेकदा पाहिलंय. मीही वळलोय. आपल्याला आज यातल्याच एका चुलतभावाला गाठायचंय. चला.

थंडी आधी लागते, मग आवाज येतो. आवाज नदीचा. सतलज खाली दगडांवरून आपटत चालली आहे आणि तिच्या घोंगाटापुढे स्वतःचं खाकरणंसुद्धा ऐकू येत नाही. १३ नोव्हेंबर १८६७. बुशहर संस्थानाची राजधानी रामपूर इथून जवळच. रामपूरला लवीच्या जत्रेचा हंगाम आहे. वरच्या अंगानं, तिबेटकडून लोकर येते, आणि रस्त्यावरून शेळ्यामेंढ्या पाठीवर छोट्या छोट्या गोण्या वागवत चाललेल्या दिसतात. एक बोकड तुमच्या शालीचं टोक चावून बघतो. त्याला ते पसंत पडत नाही.

उताराला झुडपं आहेत. त्यांच्या बुंध्याशी एक पान हलतं. मग हातभर पलीकडचं.

आता बघा, कारण तुमच्या वाट्याला जेमतेम अर्धं मिनिट आहे. बसा. हातवारे करू नका. तो बुंध्याला धरून वर सरकतो, उडत नाही, चढतो. वरून तपकिरी, त्यात हिरवटपणाची नुसती शंका. खालून मळकट पांढरा, कुशीकडे पिवळसर मातकट. हे सगळं टेकडीवर पाहून झालंय. पण डोकं वळवतो तेव्हा एका बाजूनं चोच दिसते आणि तुम्ही थबकता. ही जास्त लांब आहे. बुडाशी रुंदही आहे. एवढ्याशा डोक्याला थोरल्या भावाची चोच लावून दिल्यासारखी. आणि पंख? दुमडलेले पंख शेपटीच्या मुळाशीच संपतात. हजारो कोस उडणाऱ्याचे पंख लांब आणि टोकदार असायला हवेत. याचे आखूड आणि गोलसर. हा कुठे लांब जात असेल असं वाटत नाही. हे चुकीचं आहे, पण तसं वाटणं साहजिक आहे, आणि पुढे तज्ज्ञांनाही तसंच वाटणार आहे.

त्याची चोच उघडते. काहीतरी म्हणाला. चक् असेल, दुसरं काही असेल. सतलजनं ते खाऊन टाकलं.

मग बार होतो. बारीक छर्ऱ्यांचा, अशा पक्ष्यांसाठी वापरतात तसला. कुणी झाडला ते झुडपाआड दिसत नाही. पान हलायचं थांबतं.

पक्षी ज्याच्या हातात जातो तो माणूस तुमच्या ओळखीचा आहे. वय अडतीस. शाळेच्या इतिहासाच्या पुस्तकात याच्यावर एक ओळ असायची आणि ती ‘रिकाम्या जागा भरा’मध्ये हमखास यायची: राष्ट्रीय सभेच्या स्थापनेत पुढाकार घेणारा निवृत्त सनदी अधिकारी, अ‍ॅलन ऑक्टेव्हियन ह्यूम. ती सभा अजून अठरा वर्षं लांब आहे. आत्ता हा नोकरीत आहे आणि याच वर्षी त्याच्याकडे अंतर्देशीय जकातीचं खातं आलंय. म्हणजे मिठाची चोरटी ने-आण अडवायला देशाच्या पोटातून आडवं वाढवलेलं ते मैलोन्‌मैल काटेरी कुंपण आता याच्या देखरेखीखाली. माणूस अजब खरा. एका हातानं मिठाला कुंपण घालायचं आणि दुसऱ्या हातानं कुठल्याच कुंपणाला न जुमानणारे पक्षी गोळा करायचे.

संध्याकाळी तंबूत दिव्याच्या उजेडात कातडी सोलायचं काम चालतं. तुम्ही दाराशी टेकता. कारागीर मांडी घालून बसलाय. पक्षी उताणा ठेवून छातीच्या हाडाखाली तो अर्ध्या बोटाएवढी चीर देतो. रक्त टिपायला पिठाची चिमूट. मग मोज्यातून पाय काढावा तसं आतलं शरीर कातडीतून बाहेर येतं. डोक्याशी आल्यावर तो फार जपून, नखानं, कवटीवरून कातडी उलटी करतो. या पक्ष्याची कातडी कांद्याच्या पापुद्र्याहून फार जाड नाही. एकदा फाटली की संपलं. तुम्ही वाकून बघता, हात पुढे जातो.

“बाबूजी, हात लावू नका,” तो मान वर न करता म्हणतो. “साबणात सोमल आहे.”

सोमलाचा साबण आतून फासला की कसर लागत नाही. मग डोळ्यांच्या खोबणीत कापूस, पोटात कापूस, दोन टाके. पाय एकमेकांवर ठेवून दोऱ्यानं बांधायचे आणि त्याच दोऱ्याला चिठ्ठी. चिठ्ठीवर जागा आणि तारीख. बुबुळांचा आणि पायांचा रंग ताजेपणीच लिहून ठेवावा लागतो, कारण वाळल्यावर तो उतरतो. पिसांचा रंग टिकतो. आवाज लिहून ठेवायची सोय चिठ्ठीवर नाही.

ह्यूम पट्टीवर पंख ठेवून मोजतो, चोच मोजतो, थांबतो, पुन्हा मोजतो. हे काहीतरी निराळं आहे हे त्याला तिथल्या तिथे जाणवलंय की नंतर, ते त्याचं त्याला माहीत. पण १८६९ मध्ये तो याचं वर्णन छापेल आणि नाव देताना चोचीवरूनच देईल. फक्त कुळ चुकेल. झाडाच्या शेंड्याला पानापानांतून हिंडणाऱ्या पर्ण-वटवट्यांत तो याला बसवेल आणि दोन वर्षांनी उठवून बोरूत राहणाऱ्या वटवट्यांच्या पंगतीत नेईल. त्याला सांगावंसं वाटतं ना? सांगू नका. त्यानं विचारलं, तुम्हाला कसं कळलं, तर काय उत्तर देणार? तुम्हीसुद्धा वाचलेलंच सांगणार.

आता सतरा-अठरा वर्षं एका उडीत. सिमला, १८८० च्या दशकातला एक हिवाळा. जाखूच्या डोंगरावर ह्यूमचा बंगला आहे, रॉथनी कॅसल, आणि त्यात आशियाई पक्ष्यांचा त्या काळचा सर्वांत मोठा खासगी संग्रह. मालक थंडीचे महिने खाली मैदानात गेलाय. तुम्ही बाजारात उभे आहात, कारण भूक लागली आहे आणि शेंगदाणे रामपूरलाच संपले. फुटाणेवाला कागदाची पुडी वळतो, मूठभर फुटाणे टाकतो, तोंड दुमडतो. गरम आहेत. खाता खाता पुडीकडे लक्ष जातं. इंग्रजी हस्ताक्षर, बारीक, सुबक. पंखाचं माप, चोचीचं माप, कुठल्याशा ओढ्याचं नाव. तेलाचा डाग पसरून पुढची ओळ गेलेली.

पुडी मी तुमच्या हातात घातली, ते खरं. बाकीचं घडलेलं आहे. मालक नसताना नोकरानं बंगल्यातली हस्तलिखितं काढली आणि सिमल्याच्या बाजारात रद्दीच्या भावानं विकली. हिंदुस्थानातल्या पक्ष्यांवरच्या एका अवाढव्य ग्रंथासाठी वर्षानुवर्षं जमवलेली टिपणं होती ती. रद्दीवाल्यानं वजन करून पैसे मोजले असतील, चोख. त्या गठ्ठ्यात सतलजच्या काठच्या त्या सकाळीबद्दल काही होतं का, त्या पक्ष्यानं तोंड उघडलेलं कुणी ऐकलं होतं का? फुटाणे संपवा आणि पुडी खिशात ठेवा. सोबत येणार नाही, पण ठेवा.

ह्यूमनं यानंतर पक्ष्यांचा नाद सोडला. मधल्या काळात तो थिऑसफीकडे वळला होता, मांसाहार टाकला होता, पक्षी मारणंही. अतिपावसानं डोंगराची दरड कोसळून संग्रहालयाचंही नुकसान झालं होतं. १८८५ मध्ये त्यानं सगळा संग्रह लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकला. सुमारे ८२,००० नमुने. ते ताब्यात घ्यायला तिथला पक्षिविभाग सांभाळणारा रिचर्ड बाऊडलर शार्प स्वतः सिमल्याला आला. तुम्हीही या, बांधाबांध बघण्यासारखी आहे. देवदाराच्या ४७ पेट्या जागेवरच केल्या जातायत. खिळा एकाही पेटीत ठोकायचा नाही, कारण आत निघालेलं टोक कातड्यांना फाडेल. एकेक पेटी भरल्यावर अर्ध्या टनाची. सुतार लाकडाची जीभ लाकडाच्या खाचेत बसवतो, वर हातोडीचा हलका ठोका, आणि देवदाराचा वास साऱ्या व्हरांड्यात. यातल्या एका पेटीत, असंख्य मातकट भावंडांत, पाय बांधलेला, पोटात कापूस भरलेला आपला गडी निजलाय.

पेट्या डोंगर उतरल्या, बैलगाड्यांतून कालक्याला गेल्या आणि शेवटी मुंबई बंदरात. आपल्या मुलखाशी या विशिष्ट पक्ष्याचा आलेला संबंध हा असा: देवदाराच्या पेटीत, बिनखिळ्याचा, गोदीवर. त्याच वर्षीच्या डिसेंबरात ह्यूमही मुंबईत असेल. राष्ट्रीय सभेचं पहिलं अधिवेशन खरं तर पुण्याला भरायचं होतं. पटकीची साथ आली आणि ते गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत हलवावं लागलं. पक्षी मुंबईवरून लंडनला आणि माणूस मुंबईत इतिहासाच्या पुस्तकात. दोघांची वाट इथे सुटते.

मधली शंभरेक वर्षं मी तुम्हाला पायी चालवत नाही. १९०५ मध्ये हॅरी ओबरहोल्सरनं या पक्ष्याचं नाव बदललं, कारण ह्यूमनं दिलेलं नाव आधीच दुसऱ्या कुणाला दिलेलं निघालं. नवं नाव ओरिनस. ग्रीकमधून आलेलं, अर्थ डोंगरातला. बस्स. जगात नमुना एक, त्यावर नाव एक, आणि वाद मात्र दोन-तीन: कुणी म्हणे हा बोरूत राहणाऱ्या थोरल्या वटवट्याचाच विचित्र निपजलेला पक्षी, कुणी म्हणे दोन जातींचा संकर. एकुलत्या एका साक्षीदारावर खटला चालवायचा तर असंच व्हायचं. शिवाय साक्षीदार मुका.

ट्रिंग. लंडनच्या वायव्येला असलेलं एक गाव, तिथे म्युझियमचे पक्षी आता ठेवलेले आहेत. खण ओढला की डांबराच्या गोळ्यांची आठवण येईल असा वास, आणि शिस्तीत उताणे पडलेले तपकिरी पक्षी, चिठ्ठ्या एका बाजूला. २००२ मध्ये स्वीडनमधल्या लुंड विद्यापीठाचे स्टाफान बेन्श आणि त्यांचे सहकारी डेव्हिड पीअरसन यांनी ह्यूमच्या या पक्ष्यापासून मिळवलेला डीएनए तपासला आणि सांगितलं की ही जात स्वतंत्र आहे, संकर नाही, विकृती नाही. पंख आखूड, तेव्हा फार लांबचा प्रवासी नसावा, असाही अंदाज त्यांनी केला. मघाशी सतलजच्या काठावर तुम्ही हेच म्हणाला होता. चांगल्या संगतीत चुकलात.

आता घाम येईल. शाल काढून कमरेला बांधा. २७ मार्च २००६, थायलंड, फेत्चाबुरी प्रांतातलं लेम फाक बिया. समुद्राजवळ सांडपाणी शुद्ध करायची तळी आहेत. वास असायचा तो आहे. पक्षिनिरीक्षकांना मैलापाण्याची तळी किती प्रिय असतात हे बाहेरच्या माणसाला पटवून देणं अवघड. पाणी, चिखल, किडे, बोरू आणि माणसांची वर्दळ नाही. पक्ष्याला आणखी काय लागतं?

पहाटे झुडपांच्या मधल्या मोकळ्या पट्ट्यात मिस्ट नेट लावलेलं आहे. काळं, इतकं बारीक की तुमच्या नाकाला लागल्यावर कळतं. बँकॉकच्या माहिदोल विद्यापीठातले फिलिप राउंड पक्ष्यांच्या पायात कडी घालायचं काम करतायत. जाळ्याच्या झोळीत एक मातकट पक्षी अडकलाय. ते त्याला सोडवतात तो हात बघा: पाठ तळव्यात, मान तर्जनी आणि मध्यमेच्या बेचक्यात, मूठ सैल. दाबलं तर श्वास कोंडतो, कारण पक्षी छाती हलवून श्वास घेतो. सैल सोडलं तर जातो. जुन्या कारागिराच्या हाताची आठवण येते ना? तीच काळजी आहे, फक्त या हातात धडधड आहे.

पंख पट्टीवर. माप लिहिलं. चोच. राउंड थांबतात, पुन्हा मोजतात. तुम्ही हे थांबणं एकदा पाहिलेलं आहे, दिव्याच्या उजेडात.

चोच जास्त लांब, पंख जास्त आखूड; ब्लिथचा म्हणावा तर जुळत नाही. मग त्यांच्या डोक्यात तो पेटीतला एकमेव पक्षी येतो. असं नाव मनात येणंसुद्धा धाडसाचं आहे. १३८ वर्षांत कुणी जिवंत पाहिल्याची नोंद नसलेला पक्षी, रामपूरहून सरळ रेषेत सुमारे ३,००० किलोमीटरवर, मैलापाण्याच्या तळ्याकाठी? म्हणून ते घाई करत नाहीत. फोटो घेतात, दोन पिसं काढून ठेवतात, पायात कडं घालतात आणि मूठ उघडतात. पक्षी झुडपात जातो. मला या गोष्टीतला हा भाग सर्वांत आवडतो: डोळ्यांना खात्री वाटत असताना माणसानं पिसं पाकिटात घालून लुंडला पाठवावी आणि उत्तर येईपर्यंत गप्प बसावं. उत्तर हो असं आलं. २००७ मध्ये जगाला कळलं.

आणि मग ट्रिंगच्या खणात पुन्हा हात घातला गेला. राउंडच्या पक्ष्यानंतर काही महिन्यांतच, ब्लिथच्या वटवट्यांच्या खणात, त्यांच्याच नावाची चिठ्ठी लावून पडलेला दुसरा नमुना सापडला. १८६९ चा, आत्ताच्या उत्तर प्रदेशातला. लार्स स्वेनसन आणि मंडळींनी ठिकठिकाणच्या संग्रहालयांतले खण धुंडाळले तेव्हा आणखी दहा निघाले. म्हणजे तो दुर्मीळ होता, पण बेपत्ता नव्हता. येत होता, जात होता, बंदुकीला सापडत होता, पेटीतही जात होता. फक्त दर वेळी दुसऱ्याच्या नावावर. आता तुमच्या टेकडीवरच्या ‘ब्लिथच्या’ नोंदींकडे संशयानं बघू नका. हिवाळ्यातल्या ज्या नोंदी सापडल्यात त्यांतल्या बहुतेक उत्तर हिंदुस्थानातून पूर्वेकडे जातात. पण त्या नोंदी करताना आपण चोच किती वेळा पाहिली होती, हा प्रश्न मी स्वतःला विचारून बघितला. उत्तर लिहिण्यासारखं नाही.

एवढं सगळं झालं आणि तरी एक गोष्ट राहिली. त्याची वीण कुठे होते? गातो कसा? थायलंडला मार्चमध्ये भेटलेल्या पाहुण्यानं ते सांगितलं नाही. वटवट्याचं अंग होतं, नाव होतं, डीएनए होता. वटवट नव्हती.

शाल पुन्हा पांघरा. जून २००८. अफगाणिस्तानचा नकाशा आठवा. ईशान्येला बोट काढल्यासारखी एक चिंचोळी पट्टी चीनकडे गेलेली आहे, तो वाखान. १८९५ मध्ये रशियन आणि ब्रिटिश साम्राज्यांच्या सीमा एकमेकींना टेकू नयेत म्हणून मध्ये ठेवलेली ही फट. तुम्ही तिच्या तळाशी उभे आहात. नदीच्या पलीकडे ताजिकिस्तान, दक्षिणेला हिंदुकुशाचा बर्फ, मधे जवाचे हिरवे तुकडे आणि दगडी घरं. नदी पसरट होते तिथे काठानं झुडपांची दाटी आहे, वाळुंजाची आणि सी-बकथॉर्नची. सी-बकथॉर्न म्हणजे करड्या पानांचं काटेरी झाड. हात घालाल तर घाणेरी मवाळ वाटेल. इथे नदी आहे, पण ओरडत नाही. पहिल्यांदाच शांतता आहे.

आणि त्या शांततेत कुणीतरी गातंय.

झुडपात, शेंड्याच्या जरा खाली. शीळ, किरकिर, कुरकुर, पुन्हा शीळ. श्वास घ्यायला थांबतो आणि परत सुरू. सासरहून आलेली लेक स्वयंपाकघरात आईशी बोलते तसं, एका विषयात दुसरा. रॉबर्ट टिमिन्स नावाचा निरीक्षक वाइल्डलाइफ कन्झर्व्हेशन सोसायटीसाठी या भागातल्या पक्ष्यांची पाहणी करतोय. तो थांबून ऐकतो, ध्वनिमुद्रण करतो. मातकट पक्षी, लांब चोच. त्याला वाटतं ब्लिथचा असावा. तो ब्लिथचा नाही हे तुम्हाला माहीत आहे, पण गप्प बसायची आता तुम्हाला सवय झाली आहे.

टिमिन्स परतल्यावर ट्रिंगला जातो, खण ओढतो, कातडी बघत बसतो. वाखानमध्ये पाहिलेला पक्षी ब्लिथच्या रांगेत बसत नाही. ह्यूमच्या पक्ष्याशेजारी ठेवला की बसतो. १४१ वर्षांनी त्या चिठ्ठीला आवाज मिळाला, आणि मिळाला तेव्हा ऐकणाऱ्याला तो कुणाचा हे ठाऊक नव्हतं. खात्री करायची तर परत जायला हवं.

म्हणून शेवटची उडी, एकच वर्षाची. २००९ चा उन्हाळा, तोच नदीकाठ. अफगाण जीवशास्त्रज्ञांची तुकडी आहे. मिस्ट नेट काटेरी झुडपांच्या मधे ताणलंय. काट्यांतून जाळी सोडवताना सगळ्यांच्या बोटांना ओरखडे पडलेत. जाळ्यापाशी एक छोटा स्पीकर. आदल्या वर्षीचं गाणं लावतात.

तुम्ही दगडाआड बसता. स्पीकर गातो. दुरून कुणीतरी उत्तर देतं, मग जवळून. माझ्या हद्दीत हा कोण उपटसुंभ, म्हणून मालक तावातावानं येतो. काळी जाळी त्याला दिसत नाही. तुमच्या नाकालाही दिसली नव्हती.

त्या मोसमात असे वीसच्या आसपास पक्षी हाती येतात. यातला एक तुमच्यासमोर धरलेला आहे. मान दोन बोटांत, मूठ सैल. बघून घ्या, या वेळी अर्ध्या मिनिटाची घाई नाही. चोच, बुडाशी रुंद. पंख, आखूड आणि गोल, त्याच पंखांवर हा हिवाळ्यासाठी लांब जाणारा. मागची नखी लांब. बुबुळं तपकिरी, ताजी, त्यात आकाशाचा एक ठिपका आणि तुमच्या डोक्याची सावली. खिशात हात घालून पुडी चाचपता, ती नाहीच. मापं नव्या वहीत, नव्या अक्षरात लिहिली जातात. तपासणीसाठी एक-दोन पिसं काढून घेतात.

मूठ उघडते. तो क्षणभर तळव्यावर तसाच बसून राहतो, सुटलोय हे न कळल्यासारखा. मग काटेरी झुडपाच्या बुंध्याशी जातो. एक पान हलतं, मग हातभर पलीकडचं दुसरं. आणि वटवट सुरू होते.